वस्तूमागचं जनावर, वस्तूमागचा माणूस

लोकर, कातडं आणि रेशीम या तीन गोष्टी मराठी घरात इतक्या काळापासून आहेत की त्या कुठल्या जनावराकडून, कुणाच्या हातून आणि काय सोसून आल्या हे विचारायची सवयच आपल्याला राहिलेली नाही. कपाटातली पैठणी, दारातली कोल्हापुरी, माळ्यावर टाकलेलं आजोबांचं घोंगडं, खांद्याची चामडी बॅग, हिमालयात जाताना घेतलेलं पिसांचं जॅकेट, दिवाणखान्यातल्या सोफ्याचं आवरण. किंमत, रंग आणि टिकाऊपणा यांपलीकडे यांतल्या एकाही वस्तूची चौकशी आपण केलेली नसते. विकणाऱ्यानेही ती होईल अशी अपेक्षा ठेवलेली नसते.

एके काळी विचारावं लागत नसे, कारण सगळं डोळ्यांसमोर होतं. सुगी झाली की मेंढ्यांचा वाडा आपल्याच रानात बसायचा. घोंगडं विणणारा सणगर, कातडं कमावणारा ढोर, वहाणा शिवणारा चर्मकार आणि मेलेलं जनावर ओढून नेणारा महार हे सगळे गावात नाहीतर पंचक्रोशीत असायचे. जनावर ओळखीचं होतं आणि माणूसही. पण ओळख होती म्हणून न्याय होता असं मुळीच नाही. कातड्याच्या मोटेने उपसलेलं पाणी शेताला चालत होतं, पखालीतलं पाणी वाड्यावर पोहोचत होतं, आणि ते कातडं ओढणाऱ्या, कमावणाऱ्या, शिवणाऱ्या हातांना मात्र पाणवठ्यावर मज्जाव होता. जुन्या गावगाड्याची आठवण काढून गहिवरणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. प्राणिजन्य वस्तूंबद्दलची जबाबदारी हा विषय आपल्याकडे केवळ प्राण्यापुरता कधीच नव्हता.

हे पुस्तक कपड्यांसाठी आणि घरासाठी लागणारी प्राणिजन्य सामग्री जबाबदारीने कशी मिळवावी, याबद्दल आहे. युरोप-अमेरिकेत या विषयावर बरंच लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं पुष्कळसं मोलाचं आहे. पण ते त्यांच्या कुरणांवर, त्यांच्या कत्तलखान्यांवर आणि त्यांच्या दुकानांवर बेतलेलं आहे. दख्खनच्या माळावरची मेंढी, विदर्भातल्या ऐनाच्या झाडावरचा कोसा किंवा कोल्हापुरात बाभळीच्या सालीत मुरणारं कातडं त्या चौकटीत नीट बसत नाही. मला वाटतं, जबाबदारीची खरी कसोटी साखळी पूर्ण पाहण्यात आहे. जनावर कसं जगलं आणि कसं मेलं, त्याला कुणी राखलं, ते मेल्यावर कुणाचे हात लागले, त्या हातांना काय मिळालं, आणि उरलेलं घाण पाणी कुठे गेलं, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. फक्त प्राण्याची वेदना मोजणारा अर्धंच पाहतो. फक्त कारागिराची रोजीरोटी सांगून प्राण्याचा विषय टाळणाराही अर्धंच पाहतो.

लोकरीपासून सुरुवात करू, कारण तिथे आपली विसंगती सर्वांत उघडी पडते. २०१९च्या पशुगणनेप्रमाणे भारतात सात कोटींहून अधिक मेंढ्या आहेत. महाराष्ट्रात त्या सुमारे सत्तावीस लाख. तरीही स्वेटर आणि सुटाच्या कापडासाठी लागणारी मऊ लोकर आपण मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातून आणतो, आणि इथल्या माळावर कातरलेली लोकर बांधावर फेकून दिली जाते. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. दख्खनी मेंढीची लोकर विकून येणाऱ्या पैशांपेक्षा ती कातरायची मजुरी जास्त होते, अशी आज बहुतेक ठिकाणी स्थिती आहे. कातरल्याशिवाय राहताही येत नाही. अंगावर लोकर वाढली की उन्हाळ्यात मेंढीचा जीव घाबरा होतो, पावसात ती भिजून जड होते, गोचिडं वाढतात. त्यामुळे धनगर पदरमोड करून वर्षातून दोनदा कातरणी करतो आणि आलेला माल उकिरड्यावर टाकतो.

दख्खनी मेंढी ही पठाराने घडवलेली जात आहे. काळी, काटक, कमी चाऱ्यावर आणि लांबच्या चालीवर टिकणारी. तिची लोकर भरड, मेरिनोच्या मानाने कितीतरी जाड, आणि वर्षाला एका मेंढीमागे किलोभरसुद्धा भरत नाही. अंगाला लागून घालायला ती टोचते. पण घोंगडं अंगाशी घट्ट घालायचं वस्त्रच नव्हे. ते पांघरायचं, अंथरायचं, मावळातल्या पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायचं. घट्ट विणीमुळे पाणी वरून निथळून जातं, आत शिरायला वेळ लागतो. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, तेवढी मऊ असते, आणि जावळाच्या घोंगड्याला अजूनही जास्त भाव मिळतो. पिंजलेली लोकर बायका चरख्यावर कातायच्या, सणगर ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायचा आणि खड्ड्याच्या मागावर विणायचा. या सगळ्यात वीज नाही, रंग नाही, रसायन नाही. काळा, करडा, पांढरा हे मेंढीचेच रंग. जगभरचे फॅशनवाले आज ज्या गुणांच्या शोधात आहेत, ते इथे कुणी न मागता होते.

मग हे मोडलं कसं? एक कारण सरळ आहे: ॲक्रिलिक आणि पॉलिस्टरची ब्लँकेटं घोंगड्याच्या कितीतरी कमी किमतीत आठवडी बाजारात आली. दुसरं कारण सरकारी आहे. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं मेंढीविकास म्हणजे विदेशी मऊ लोकरीच्या जातींशी संकर, असंच समीकरण होतं. माळावर चालणाऱ्या कळपाला तो संकर मानवला नाही. तिसरं कारण मटणाचं आहे, आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. धनगराचं उत्पन्न आज कोकरं विकून येतं, लोकरीतून नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून ‘सुवर्णा’ मेंढी तयार केली. हे काम खरोखर मोलाचं आहे, पण त्याचा फायदा कोकरांच्या संख्येत, म्हणजे मांसाच्या बाजूला आहे. म्हणून घोंगडं विकत घेणाऱ्याने आपण रक्ताचा थेंबही न सांडलेली वस्तू घेतली असा समज करून घेऊ नये. त्या कळपातले बहुतेक नर खाटकाकडे जाणार आहेत. घोंगडं घेऊन आपण एवढंच करतो की जे जनावर तसंही पाळलं जातं आहे, त्याच्या अंगावरचा माल वाया जात नाही आणि राखणाऱ्याच्या पदरात दोन पैसे जास्त पडतात. माझ्या मते हेही पुष्कळ आहे.

जनावराच्या सुखाचा प्रश्न लोकरीत वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीच्या अंगाला वळ्या असतात. शेपटीजवळच्या वळ्यांत ओल साचते, माशा अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीचं मांस खातात. त्यावर उपाय म्हणून तिथले मेंढपाळ कोकराच्या शेपटीखालची कातडी कापून काढतात, तिथे व्रण होऊन लोकर उगवत नाही. या प्रकाराला म्यूल्सिंग म्हणतात. न्यूझीलंडने त्यावर २०१८ मध्ये बंदी घातली. ऑस्ट्रेलियात तो अजून चालू आहे, काही कळपांनी स्वतःहून सोडला आहे. आपल्या स्वेटरवरच्या लेबलात यातलं काही लिहिलेलं नसतं. दख्खनीच्या अंगाला तशा वळ्या नाहीत, त्यामुळे तिच्यावर ही वेळच येत नाही. मात्र तिचे हाल दुसऱ्या मार्गाने होतात. चरायला जागा उरली नाही. कालव्याचं पाणी आलं तिथे ऊस आला, गायरानांवर अतिक्रमण झालं, वनखात्याने रानं बंद केली, रस्ते रुंद झाले आणि त्या रस्त्यांवर वाहनांखाली मेंढ्या मरू लागल्या. २००६च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. तो कळपांपर्यंत किती पोहोचला, हे मेंढ्यांच्या कुठल्याही वाड्यावर जाऊन विचारावं.

‘जबाबदार लोकर’ ठरवण्यासाठी टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेने २०१६ मध्ये एक जागतिक मानक आणलं. जनावराची निगा आणि जमिनीची निगा अशा दोन्ही बाजू त्यात तपासल्या जातात. हेतू चांगला आहे. पण तपासायला येणाऱ्याला एक शेत, एक मालक आणि एक नोंदवही लागते. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणातल्या भातखाचरांत मेंढ्या बसवणारा, शेतकऱ्याकडून त्याबद्दल धान्य घेणारा आणि पावसाळ्यात पुन्हा देशावर परतणारा धनगर या तपासणीत बसवायचा कसा? ज्याचे कळप शेताला खत देतात, नव्या जमिनीवर भार टाकत नाहीत आणि मोकळ्यावर चरतात, त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. हजारो एकरांचं कुंपण घातलेल्या मळेवाल्याकडे ते आहे. प्रमाणपत्रं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही, पण प्रमाणपत्र नसलेला माल बेजबाबदार असतो ही समजूत काढून टाकली पाहिजे. गेल्या काही वर्षांत देशी लोकरीबद्दल पुन्हा बोललं जाऊ लागलं आहे. सुरेश एरियत यांनी दख्खनी लोकरीच्याच बाहुल्या करून ‘देसी ऊन’ हा लघुपट बनवला आणि फ्रान्समधल्या आनेसीच्या महोत्सवात २०२५ मध्ये त्याला पुरस्कार मिळाला. गालिचे, बसकर, उशांचे अभ्रे, भिंतीवरची आच्छादनं यांसाठी ही भरड लोकर उत्तम आहे. घरसामानातच तिचं भविष्य आहे असं मला वाटतं.

कातड्याचा विषय याहून अवघड आहे, कारण त्यात मरण आहे आणि जात आहे.

पहिल्यांदा मरणाबद्दल. जगातलं बहुतेक कातडं हे मांसासाठी आणि दुधासाठी पाळलेल्या जनावरांचं असतं. कातड्यासाठी म्हणून गाय-म्हैस सहसा पाळली जात नाही. त्यामुळे चामडी बॅग घेतली नाही तर एक म्हैस वाचली, असा हिशेब होत नाही. तरीही कातड्याचा पैसा कत्तलीच्या धंद्याला हातभार लावतो, हेही नाकारता येत नाही. यातून वाट काढायचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला आहे आणि तो आपण पार विसरलो आहोत. गांधीजींचा आग्रह होता की वापरायचंच असेल तर आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचं कातडं वापरावं. वर्ध्याजवळ नालवाडीला वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं, तिथे मृत जनावराचं कातडं सोलण्यापासून कमावण्यापर्यंत सगळं शास्त्रशुद्ध करून पाहिलं गेलं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात हेच काम केलं, आणि ते इतरांना सांगून केलं नाही, मेलेली जनावरं स्वतः सोलून केलं. हे तेच अप्पासाहेब, ज्यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं. उच्चवर्णीयाने स्वतः सुरी हातात घेतल्याशिवाय हा धंदा निष्कलंक होणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

पण याच प्रश्नाला दुसरं उत्तरही महाराष्ट्रातूनच आलं आणि ते जास्त मूलगामी होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७च्या महाड परिषदेत आणि त्यानंतर सातत्याने आपल्या लोकांना सांगितलं की मेलेली जनावरं ओढणं सोडा, मृत मांस सोडा. ज्या कामाने माणसाला माणूसपण नाकारलं जातं, ते काम कितीही उपयोगी असलं तरी करू नका. लोकांनी ते ऐकलं, पुष्कळ सोसून ऐकलं. मृत जनावराचं कातडं ‘अहिंसक’ असतं हे म्हणताना, ते सोलणाऱ्या माणसाला गावाने काय दिलं, हा प्रश्न आंबेडकरांनी कायमचा समोर ठेवला आहे. २०१६ साली गुजरातमध्ये उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर बांधून मारण्यात आलं, तेव्हा तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायला नकार दिला. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा प्रश्न तसाच उभा होता. म्हणून जबाबदार चामडं कशाला म्हणावं, हे ठरवताना मी पहिला प्रश्न हा विचारेन: हे काम करणारा माणूस आपल्या इच्छेने करतो का, की जन्माने त्याच्या गळ्यात पडलं म्हणून करतो? त्याच्याकडे हातमोजे, गमबूट, सोलायला ओटा आणि पाणी आहे का? त्याचा मुलगा हे काम सोडू शकतो का?

मेलेल्या जनावरांची व्यवस्था मोडल्याचा आणखी एक परिणाम आहे, त्याची आठवण इथे काढलीच पाहिजे. कातडं सोललं की उरलेलं जनावर गिधाडं काही तासांत फस्त करत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, पण तोवर गिधाडांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या होत्या. सोलणारा गेला, गिधाडही गेलं. आज मेलेलं जनावर जेसीबीने खड्ड्यात जातं किंवा गावाबाहेर कुत्र्यांच्या टोळ्या पोसतं. कातड्यासकट.

दुसरीकडे २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. त्यामागच्या भावनेचा वाद इथे घालायचा नाही. एक व्यवहारी गोष्ट मात्र सांगायची आहे. बंदी घालताना आपल्या मरणाने मरणाऱ्या लाखो जनावरांची कातडी गोळा करण्याची, ती उष्णतेने नासायच्या आत मिठात घालण्याची आणि कमावण्याची कुठलीही व्यवस्था उभी केली गेली नाही. जे कातडं गांधीजींच्या विचाराप्रमाणे सर्वांत निष्कलंक ठरलं असतं, ते मातीत गेलं, आणि कोल्हापूरच्या कारागिराला बाहेरच्या राज्यांतून माल आणावा लागला. धारावीतही चामड्याचं काम करणाऱ्यांचे हात रिकामे झाले. सुधीर राजभर यांनी ‘चमार स्टुडिओ’ काढून त्याच कारागिरांकडून पुनर्वापर केलेल्या रबराच्या बॅगा करून घेतल्या आणि शिवी म्हणून वापरलेलं जातीचं नाव मानाने दुकानावर लावलं. मला हा प्रयत्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कारागीर केंद्रस्थानी आहे, सामग्री दुय्यम आहे.

कोल्हापुरी चपलेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ती आता जगाच्या बाजारात गेली आहे. तिचं खरं वैशिष्ट्य शिलाईइतकंच कातडं कमावण्याच्या रीतीत आहे. चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवतात, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून ते टांगतात. ते पाणी हळूहळू कातड्यात झिरपतं. याला दिवसच्या दिवस लागतात. क्रोमच्या कारखान्यात हेच काम एखाद्या दिवसात उरकतं आणि म्हणूनच जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमने कमावलेलं असतं. क्रोमचं चामडं मऊ आणि एकसारखं होतं, पण सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर ते पिढ्यान् पिढ्या जमीन नासवतं. तमिळनाडूत पालार नदीकाठच्या चर्मोद्योगाने विहिरी आणि शेतं बिघडवली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालात, प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची भरपाई केली पाहिजे हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानलं. चामडं घेताना ते कशाने कमावलं आहे हे विचारणं म्हणजे कुणाच्या तरी विहिरीबद्दल विचारणं आहे.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे त्यात आहेत, कारण अथणी-निपाणीचे कारागीरही तितकेच पिढीजात आहेत. २०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये याच घडणीच्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता मांडल्या आणि ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. आपला राग रास्त होता. पण तो राग व्यक्त करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या पायात त्या दिवशी रेक्झिनची नकली कोल्हापुरी होती? आणि मानांकनाच्याही मर्यादा ओळखल्या पाहिजेत. ते चिन्ह चप्पल कुठे आणि कोणत्या रीतीने घडली हे सांगतं. कातडं कुठल्या जनावराचं आणि ते जनावर कसं मेलं, हे सांगत नाही. हा दुवा जोडणं हे पुढचं काम आहे आणि ते चर्मकाराने एकट्याने करायचं नाही. महामंडळांनी आणि मोठ्या खरेदीदारांनी त्याचा खर्च उचलला पाहिजे.

रेशमाबद्दल आपल्याकडे एक सोयीस्कर मौन आहे. सोवळ्यात रेशीम चालतं, देवाला चालतं, आणि ते मिळवण्यासाठी कोशातली जिवंत अळी उकळत्या पाण्यात किंवा वाफेत मारली जाते, हे लग्नाच्या खरेदीत कुणी बोलत नाही. अखंड धागा हवा असेल तर पतंग बाहेर पडायच्या आधी कोश उकलावा लागतो, हे त्यामागचं साधं कारण. एक किलो रेशमामागे हजारो कोश जातात. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांचं सूत कातून अहिंसा रेशीम तयार केलं. जैन समाजात आणि परदेशात त्याला गिऱ्हाईक आहे. तरी तुतीच्या रेशीमकिड्याचा पतंग हजारो वर्षांच्या पाळणुकीमुळे उडूच शकत नाही. एक मादी काहीशे अंडी घालते. त्या सगळ्या अळ्यांना तुतीचा पाला कुणी घालू शकत नाही. म्हणजे मरण टळत नाही, आपल्या नजरेआड जातं. आसामातल्या एरी रेशमाचा कोश मुळातच एका टोकाला उघडा असतो आणि पतंग निघून गेल्यावरही त्याचं सूत कातता येतं, म्हणून ते ‘अहिंसक’ म्हणून विकलं जातं. पण तिथल्या पुष्कळ घरांत एरीची अळी आवडीने खाल्लीही जाते. यात मला काही विपरीत वाटत नाही. जे मारलं ते पूर्ण वापरलं, ही प्रामाणिक रीत आहे. ती लपवून वर अहिंसेचा शिक्का मारणं मात्र प्रामाणिक नाही.

विदर्भाचा टसर, ज्याला तिथे कोसा म्हणतात, हा मला या सगळ्यात सर्वांत विचार करायला लावणारा नमुना वाटतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलांत ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसं किडे वाढवतात, दिवसभर पाखरांपासून राखतात. इथेही कोशातला जीव मरतो. पण ऐनाचं झाड उभं राहण्यात त्या माणसाचा रोजचा स्वार्थ असतो, आणि जंगल राखण्यासाठी यापेक्षा भरवशाचा पहारा मला माहीत नाही. भंडाऱ्याच्या बाजूला विणल्या जाणाऱ्या करवती काठाच्या साड्या याच धाग्याच्या. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली आहे आणि २०१८ पासून जालन्याला कोशांची बाजारपेठ सुरू आहे, ही कमी पाण्यावरच्या शेतकऱ्यासाठी चांगली गोष्ट आहे. पैठणी घेताना तिचं रेशीम मराठवाड्याचं, कर्नाटकाचं की परदेशी, हा प्रश्न विणकराला विचारून पाहावा.

काही गोष्टींत मात्र विचार करायला जागाच नाही. तिबेटी पठारावरच्या चिरू हरणाला मारून काढलेल्या शहातूशची शाल एका-एका नगामागे तीन-चार हरणांचा जीव घेते. तिचा व्यापार जगभर बंद आहे आणि भारतातही तो गुन्हा आहे. ‘खानदानी’ म्हणून कुणी ती दाखवली तर पाठ फिरवावी. पश्मिना वेगळी. ती लडाखच्या चांगथांगमधल्या पाळीव शेळ्यांच्या अंगावरून उन्हाळ्याच्या तोंडी विंचरून काढतात. पिसांच्या जॅकेटबद्दल ट्रेकला जाणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की पिसं जिवंत बदकाच्या अंगावरून उपटलेली नाहीत. त्यासाठीचं प्रमाणपत्र २०१४ पासून अस्तित्वात आहे आणि इथे ते उपयोगी पडतं, कारण विचारायला दुसरं कुणी समोर नसतं.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: प्राण्याचं काहीच वापरू नये. ज्यांनी विचारपूर्वक तो मार्ग घेतला आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण बाजार त्यांना जे देतो ते तपासलं पाहिजे. ‘व्हीगन लेदर’ म्हणून विकलं जाणारं बहुतेक चामडं पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी असतं, म्हणजे खनिज तेल. वर्ष-दोन वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात आणि ते ना शिवता येतं ना कुजतं. ॲक्रिलिकच्या ब्लँकेटचे तंतू प्रत्येक धुण्याबरोबर नदीत जातात. त्यात मेंढी मेली नाही हे खरं, पण त्या नदीतले मासे आणि त्यांवर जगणारी माणसं या हिशेबात धरायची की नाही? प्राणी न वापरण्याचा निर्धार असेल तर सुती गोधडी आहे, कापडी पिशवी आहे, कॅनव्हासचे बूट आहेत. प्लॅस्टिकला करुणेचं नाव देऊ नये.

शेवटी वाचकासाठी थोडं, कारण पुस्तकाचा उपयोग दुकानात व्हायचा आहे. प्राणिजन्य वस्तू कमी घ्याव्यात, चांगल्या घ्याव्यात आणि फाटेपर्यंत वापराव्यात. कोल्हापुरीला तेल द्यावं, तळ झिजला तर बदलून घ्यावा. घोंगडं शक्य तर विणणाऱ्याकडून घ्यावं आणि भाव करताना आपण कशाचा भाव करतो आहोत हे ध्यानात ठेवावं: कातरणी, पिंजण, कताई, खळ, विणाई अशा अनेक हातांची ती मजुरी आहे. आणि दर वेळी विचारावं: कुठल्या जनावराचं, कुठून आलं, कशाने कमावलं, कुणी केलं? उत्तर येणार नाही, पहिल्यांदा तर नक्कीच येणार नाही. दुकानदार हसेल. तरीही विचारावं, कारण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्यासाठी तो घाऊक व्यापाऱ्याला विचारून ठेवतो. ज्या मालाचा उगम विकणारा सांगू शकत नाही आणि जाणून घ्यायची तयारीही दाखवत नाही, तो माल मी जबाबदारीने मिळवलेला मानत नाही, मग त्यावर कितीही मोठ्या संस्थेचं चिन्ह असो. वाचकांनीही तो मानू नये, ही माझी विनंती आहे.